वेड्यावाकड्या बुडख्याचा वाडगा

एखादं मोठं झाड तोडलं की पुढे काय होतं, आठवून बघा. खोड ट्रकवर चढतं. जाड फांद्या वखारीत जातात, बारीक सरपणाला. पाला शेळ्या फस्त करतात. जमिनीत उरतो तो बुडखा, म्हणजे खोडाचा तळ आणि त्याला चिकटलेली जाडजूड मुळं. तो खणायचा तर अख्खा दिवस मोडतो. कुऱ्हाड मारावी तर ती उसळून परत येते. करवत लावावी तर आत दडलेली गारगोटी तिचे दात घालवते. शेवटी कुणीतरी कंटाळून म्हणतं, "राहू द्या हो, कुजेल आपोआप."

आता ऐका. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सिसरो नावाचा एक गाजलेला वक्ता राहायचा. त्याने एक लाकडी टेबल विकत घेतलं. किंमत? पाच लाख सेस्टर्स! सेस्टर्स हे तिथलं नाणं. त्यानंतर काही वर्षांनी, ऑगस्टस बादशहाच्या काळात, रोमन सैन्यातल्या साध्या शिपायाला वर्षाला साधारण ९०० सेस्टर्स मिळायचे. करा भागाकार. एका टेबलासाठी त्या शिपायाला साडेपाचशे वर्षं नोकरी करावी लागली असती, तीही पगारातला एक पैसा न खर्चता. आणि असली टेबलं निघायची कशातून, तर झाडाच्या मुळाशी आलेल्या गाठाळ फुगवट्यातून. म्हणजे बुडख्यातूनच की!

ही हकीकत लिहून ठेवली प्लिनी नावाच्या माणसाने. त्याने ३७ भागांचा एक ज्ञानकोश लिहिला. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्यातच तो गेला. टेबलांवर एवढा पैसा उधळणं प्लिनीला मुळीच पसंत नव्हतं. पण तपशील मात्र त्याने चवीने टिपलेत. कुठल्या टेबलावर वाघासारखे लांब पट्टे असतात, कुठल्यावर बिबट्यासारखी गोल वळणं, आणि मोराच्या पिसाऱ्यातल्या डोळ्यांसारखी नक्षी उमटली तर भाव कसा आणखी चढतो, सगळं सांगितलंय. मोत्यांच्या खर्चावरून नवरे कुरकुरायला लागले की बायका त्यांना या टेबलांचीच आठवण करून द्यायच्या, असंही तो सांगतो. त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती आपल्या कामाची: जो फुगवटा पूर्णपणे जमिनीखाली वाढलेला असेल, तो सगळ्यात उत्तम.

ही टेबलं ज्या झाडाची, ते उत्तर आफ्रिकेतलं. मोरोक्को आणि अल्जीरियाच्या कोरड्या डोंगरांवर ते अजूनही वाढतं. शास्त्रज्ञ त्याला टेट्राक्लिनिस आर्टिक्युलाटा म्हणतात, तिथले लोक अरार म्हणतात, आणि बाजारात त्याच्या लाकडाला थुया हे नाव आहे. तुम्ही वहीच्या पानांत जपून ठेवता ना ती 'विद्या', म्हणजे मोरपंखीची चपटी पानं? ते झाड याच कुळातलं. मोरोक्कोच्या किनाऱ्यावर एसाउइरा नावाचं तटबंदीचं गाव आहे. तिथल्या लहान लहान कारखान्यांत आजही थुयाच्या मुळाचे वाडगे, डब्या आणि तबकं बनतात. लाकूड इतकं सुगंधी, की गल्लीत शिरताच नाकाला कळतं.

तर मग प्रश्न असा, की खोडात नसलेली ही नक्षी मुळात येते कुठून?

उत्तर सोपं आहे. मुळाची नोकरी वेगळी आहे. खोडाचं काम एकच, ताठ उभं राहून वरचा सगळा भार पेलायचा. त्यासाठी त्याचे तंतू खालून वर सरळ जातात. सरबताच्या नळ्यांची एक मोठी जुडी घट्ट बांधून उभी केली, की झालं खोडाचं लाकूड. अशी सरळ जुडी सुताराला फार आवडते. घरातलं लाटणं, भोवरा, पाळण्याचे गोल दांडे, सावंतवाडीच्या खेळण्यांचे गोल भाग, हे सगळं शहाण्यासारख्या वागणाऱ्या सरळ लाकडातून निघतं.

मुळाला असं सरळ वागून कसं चालेल? माती जिथे वाट देईल तिथे त्याला घुसायचं असतं. खडक आडवा आला की वळसा. दगड छोटा असला तर मूळ त्याच्याभोवती वाढत वाढत त्याला गिळूनच टाकतं. शेजारचं मूळ भेटलं तर दोघं चिकटतात आणि मधे साल अडकून पडते. वारा सुटला की खोड डोलतं आणि मुळाला ताण बसतो, कधी या बाजूने, कधी त्या बाजूने. पाणी भरपूर वाहायचं म्हणून पुष्कळ झाडांच्या मुळातल्या नळ्या खोडातल्या नळ्यांपेक्षा रुंद असतात. आणि जिथे खोड संपून मुळं सुटतात, तिथे तर उभ्या नळ्यांना एकदम आडवं व्हायचं असतं, तेही पाच-सहा दिशांना. तिथलं लाकूड पिळवटलेलं असणारच.

शिवाय काही झाडं तिथे एक जास्तीची व्यवस्था करून ठेवतात. निलगिरी तोडल्यावर बुंध्यातून कोंबांचा झुपका फुटलेला पाहिलाय? निलगिरीच्या अनेक जातींत बुंध्याच्या तळाशी एक फुगवटा असतो. त्यात अन्नाचा साठा असतो आणि ढीगभर झोपलेल्या कळ्या असतात. वरचं झाड जळलं, मोडलं, कुणी तोडलं, की या कळ्या जाग्या होतात. ऑस्ट्रेलियात मॅली नावाच्या बुटक्या, अनेक खोडांच्या निलगिरी आहेत, त्या वणव्यानंतर अशाच पुन्हा उभ्या राहतात. तिथे शेतीसाठी जमीन साफ करताना हे फुगवटे ढिगांनी निघाले. लोकांनी काय केलं? वर्षानुवर्षं शेकोटीत घातले. मॅलीचं मूळ म्हणजे तिकडे झकास जळण. आज कारागीर तेच फुगवटे शोधत फिरतात.

थुयाची गोष्ट तर आणखी नवलाची. पाइन, देवदार यांच्यासारखी सूचिपर्णी झाडं तोडली की सहसा पुन्हा फुटत नाहीत. थुया मात्र फुटतो. पुन्हा तोडला, पुन्हा फुटतो. शेळीने कोंब खाल्ले, पुन्हा फुटतो. तळाशी कळ्यांची गर्दी होत जाते. प्रत्येक कळीपाशी तंतूंना वळसा घालावा लागतो. असा वळसा आडवा कापला गेला की लाकडावर एक ठिपका दिसतो, त्याच्याभोवती बारीक कडी. मोराच्या पिसाऱ्यातले डोळे ते हेच. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन श्रीमंतांनी पैसे मोजले ते खरं तर कधीच न उमललेल्या कळ्यांसाठी!

चला, बुडखा मिळाला असं समजू. आता त्याचा वाडगा करायचा.

हे काम लेथवर होतं. लेथवर लाकूड कातणारा तो कातारी. लेथमध्ये हत्यार फिरत नाही, लाकूड फिरतं. कातारी धारदार हत्यार टेकूवर दाबून धरतो, आणि फिरणारं लाकूड स्वतःच येऊन त्यावर सोलून निघतं. पण बुडखा लेथवर चढवण्याआधी त्याची आंघोळ! जोराच्या पाण्याने धुवायचा, तारेच्या ब्रशने फटी घासायच्या, खडे टोचून टोचून काढायचे. तरी एखादा खडा आत राहतोच. मग चालू लेथवर हत्याराची धार त्याला लागते, खर्रकन आवाज येतो, कधी ठिणगीही उडते, आणि धार बोथट. पुन्हा सहाणेवर. बुडख्याचं काम करणाऱ्या कातारीचा निम्मा वेळ धार लावण्यात जातो असं म्हटलं तर कुणी कातारी रागावणार नाही.

दुसरी पंचाईत म्हणजे बुडख्याचा तोल. एक बाजू जड, दुसरीकडे पोकळी. जोरात फिरवला तर अख्खं यंत्र थरथरायला लागतं, म्हणून सुरुवात अगदी हळू करतात. वेगाची एवढी काळजी का? थोडं गणित करू. ३० सेंटिमीटर व्यासाचा वाडगा आहे आणि लेथ मिनिटाला ६०० फेरे घेतंय. म्हणजे सेकंदाला १० फेरे. परीघ साधारण ९४ सेंटिमीटर. म्हणजे काठावरचा प्रत्येक बिंदू सेकंदाला सव्वानऊ मीटरहून जास्त अंतर कापतो, ताशी जवळजवळ ३४ किलोमीटर! आणि त्याच वेळी वाडग्याचा बरोबर मधला बिंदू जागच्या जागी उभा. एकाच वाडग्यात एक जागा स्कूटरच्या वेगाने पळतेय आणि दुसरी थांबलेली. काठाचा एखादा सैल तुकडा निखळला तर तो त्याच वेगाने भिरभिरत सुटतो, म्हणून कातारी चेहऱ्यासमोर पारदर्शक मुखवटा लावतो आणि वाडग्याच्या समोर न उभं राहता बाजूला उभा राहतो. हे मोठ्यांचं काम आहे, तुम्ही लांबूनच बघायचं.

नळ्यांची जुडी आठवतेय? नळ्या सरळ असतील तर हत्यार कुठल्या बाजूने चालवायचं हे ठरवता येतं. पण मुळाच्या गाठीत बोटभर अंतरावर दिशा बदलते. इथे गुळगुळीत कापलं जातं, तर लगेच पुढे तंतू उपटून येतात आणि खरवडल्यासारखे खड्डे पडतात. उपाय एकच. ताजी धार आणि अगदी पातळ काप. घाईचं कामच नाही.

पण बुडख्याशी खरी झुंज होते ती पाण्यावरून.

ताजं लाकूड ओलं असतं, हे माहीत आहे. पण किती ओलं? काही झाडांच्या ताज्या लाकडात, ते लाकूड पूर्ण वाळल्यावर जेवढं वजन भरेल, जवळजवळ तेवढंच वजन पाण्याचं असतं. असं लाकूड लेथवर फिरवलं की कातारीच्या तोंडावर चक्क पाण्याचे शिंतोडे उडतात. हे पाणी दोन ठिकाणी असतं. एक, नळ्यांच्या पोकळीत. दोन, नळ्यांच्या भिंतींच्या आत. आधी पोकळीतलं पाणी जातं. तेव्हा लाकूड हलकं होतं, पण आकसत नाही. ते संपलं की भिंतींतलं पाणी निघायला लागतं, आणि मग भिंती बारीक होतात. लाकूड आकसतं ते तेव्हा. पावसाळ्यात दार फुगून अडकतं आणि दिवाळीनंतर पुन्हा सुरळीत लागतं, त्याचंही कारण या भिंतींतलंच पाणी.

सगळ्या बाजूंनी सारखं आकसलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण लाकूड तसं वागत नाही. नळ्यांच्या लांबीच्या दिशेने ते जवळपास आकसतच नाही, हजारात एक-दोन भाग, बस. ओंडक्याच्या मध्यापासून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, सरासरी चार टक्के. आणि वर्तुळाकार कड्यांच्या दिशेने, म्हणजे परिघाच्या दिशेने, साधारण त्याच्या दुप्पट! आता सातवी-आठवीतल्या मुलांनी जरा डोकं चालवा. त्रिज्या चार टक्के कमी झाली आणि परीघ आठ टक्के कमी व्हायला बघतोय. मग परीघ तोकडा पडणार की नाही? तोकडा पडला की तो फाटतो. ओंडक्याच्या टोकावर मध्यापासून कडेपर्यंत रुंद होत गेलेली भेग दिसते ना, ती या भांडणाची खूण.

म्हणून कातारी वाडगा दोनदा काततो. पहिल्यांदा ओल्या लाकडातूनच, पण जाड भिंतीचा. भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी ठेवायची, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या वाडग्याला ३ सेंटिमीटर. मग त्यावर मेण फासायचं, किंवा कागदी पिशवीत त्याच्याच ढलप्यांबरोबर तो गुंडाळून ठेवायचा, आणि महिनोन् महिने विसरून जायचं. सरळ लाकडाचा वाडगा या काळात अंडाकृती होतो. नळ्यांच्या लांबीकडून तो तेवढाच राहतो, आडव्या बाजूने दीड-दोन सेंटिमीटर आत येतो. जाड भिंत ठेवलेली असते ती यासाठीच. वाळून वेडावाकडा झाला तरी त्यातून पुन्हा एक गोल वाडगा काढता येतो. मुळाच्या गाठीत तंतू सगळीकडे धावत असल्याने ओढाताणही सगळीकडे विखुरते. त्यामुळे मोठी भेग पडण्याऐवजी पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या आणि केसासारखे तडे येतात. म्हणजे ज्या गुंत्याने हत्यार अडवलं, तोच गुंता वाडगा फुटू देत नाही.

आणि प्लिनीच्या काळी काय करायचे, माहीत आहे? त्याने तेही लिहिलंय. जिथे ही झाडं वाढायची तिथले लोक ओलं लाकूड मेण चोपडून जमिनीत पुरायचे. कारागीर ते गव्हाच्या राशीत सात दिवस ठेवायचे, सात दिवस बाहेर, पुन्हा सात दिवस राशीत. लाकडाचं वजन केवढं घटतं, याचं प्लिनीला फार आश्चर्य वाटलं होतं. कोरडा गहू हळूहळू ओल शोषून घेतो. उन्हात टाकलं असतं तर वरची बाजू आधी वाळून आकसली असती, आतली ओलीच राहिली असती आणि लाकूड तडकलं असतं. मेण लावायचं आणि सावकाश वाळवायचं, दोन्ही युक्त्या आजही त्याच आहेत. फक्त गव्हाच्या जागी ढलप्यांची पिशवी आली.

काही कारागीर मात्र सरळ हार मानतात, आणि मला ते फार आवडतं. ते ओल्या मुळाचा वाडगा एकदाच कातून थेट तीन-चार मिलिमीटर जाडीचा करतात आणि सोडून देतात. भिंत पातळ असली की ती तडकण्याऐवजी वाकते. आठवड्याभरात वाडग्याच्या काठाला लाटा येतात, बूड एका अंगाला कलतं. आपण गोल वाडगा केला होता, लाकडाने तो आपल्या मर्जीने बदलला.

फुलदाणीचं काम त्याहून अवघड. तोंड अरुंद, पोट मोठं. आतलं लाकूड काढायचं, पण आत दिसणार कसं? अमेरिकेतल्या डेव्हिड एल्सवर्थ यांनी १९७० च्या दशकात यासाठी वाकड्या टोकाची हत्यारं वापरायला सुरुवात केली. अरुंद तोंडातून हत्यार आत घालायचं आणि न बघता कातायचं. भिंत किती पातळ झाली हे कळतं आवाजावरून. जाड भिंतीचा आवाज एक, पातळ होत गेली की सूर बदलतो. मधेमधे लेथ थांबवून आत साठलेल्या ढलप्या बाहेर काढायच्या. ऐकण्यात चूक झाली की हत्यार आरपार! बुडख्याच्या फुलदाणीला मात्र भोकं आधीपासूनच असतात. साल अडकलेली जागा, दगडाची खोबण, किड्यांनी पाडलेली बिळं. त्या खिडक्यांमधून आतलं थोडं दिसतं, तेवढीच मदत. अशा फुलदाणीत पाणी थोडंच राहणार? त्यात वाळलेलं गवत ठेवतात.

पूर्वी असं भोकांचं लाकूड टाकूनच देत. अमेरिकेतले मेल लिंडक्विस्ट आणि त्यांचा मुलगा मार्क यांनी ते उचललं. मेल हे कारखान्यात धातूचे यंत्रभाग घडवणारे निष्णात कारागीर. या बापलेकांनी गाठींचं आणि अर्धवट कुजलेलं लाकूड मुद्दाम निवडलं. अर्धवट कुजलेलं का? त्यात बुरशीने काढलेली चित्रं असतात. लाकडात दोन बुरश्या समोरासमोर आल्या की त्या आपापल्या हद्दीवर काळ्या रंगाची भिंत उभी करतात. लाकूड कापलं की ती भिंत शाईच्या बारीक रेघेसारखी दिसते. अगदी नकाशावरच्या सीमा! मात्र वेळ साधावी लागते. बुरशीला जास्त सवड दिली तर रेघा राहतात बाजूला, हातात भुसा येतो.

हल्ली भोकांत रंगीत रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं प्लास्टिक, ओततात, निळंशार किंवा चमकतं हिरवं. दुकानात ते पटकन नजरेत भरतं. मला विचाराल तर भोक भोकच राहू द्यावं. मुळाने जिथे दगड धरून ठेवला होता, ती जागा निळ्या प्लास्टिकने बुजवून काय मिळवलं?

एक काळजीची गोष्टही सांगायला हवी. वर म्हटलं की थुया तोडला तरी पुन्हा फुटतो. पण तो फुटतो कुठून? त्या फुगवट्यातूनच. फुगवटाच खणून नेला तर फुटायला काही उरतच नाही, झाड कायमचं संपतं. प्लिनीने आणखी एक नोंद केली आहे. ज्या डोंगरावरून सर्वांत नावाजलेलं लाकूड यायचं, तो डोंगर त्याच्या काळीच रिकामा झाला होता. म्हणून चांगले कातारी उभ्या झाडाचं मूळ खणत नाहीत. वादळात उन्मळलेलं, रस्तारुंदीत गेलेलं किंवा आधीच वाळलेलं झाड शोधतात.

आता करून पाहायचं. पावसाळ्यात पडलेल्या झाडाची मनगटाएवढी जाड ओली फांदी मिळवा आणि घरातल्या मोठ्यांकडून तिच्या दोन बोटं जाडीच्या तीन चकत्या कापून घ्या. पहिली चकती उन्हात ठेवा. दुसरी सावलीत. तिसरीच्या दोन्ही बाजूंना मोठ्यांच्या मदतीने वितळलेल्या मेणबत्तीचं मेण लावा आणि तीही सावलीत ठेवा. दर रविवारी तिन्हींचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करा, तारीख घालून वहीत लिहा आणि प्रत्येक चकतीभोवती पेन्सिल फिरवून तिचा आकार कागदावर उतरवा. वजन आधी कमी होतं की आकार आधी बदलतो? भेग पहिल्यांदा कुणाला पडते, आणि ती कडेकडून आत जाते की मध्यातून बाहेर येते? जमलं तर शेवगा आणि पेरू अशा दोन वेगवेगळ्या झाडांच्या चकत्या घ्या, एक मऊ लाकडाचं, एक कठीण. आणि उन्मळलेल्या झाडाच्या मुळाचा तुकडा हाती लागला, तर चौथी चकती त्याची.